अणुवीज की सौरवीज : दराचे गणित आणि त्याची किंमत मोजणारी माणसे

फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने 2047 पर्यंत 100 गिगावॅट अणुवीज उभारण्याचे लक्ष्य जाहीर केले. आज देशाची अणुवीज क्षमता सुमारे 9 गिगावॅट आहे. पाठोपाठ डिसेंबर 2025 मध्ये संसदेने नवा 'शांती' कायदा मंजूर केला आणि खासगी कंपन्यांसाठी अणुऊर्जेचे दार उघडले. दुसरीकडे देशाच्या सौरऊर्जा क्षमतेने जानेवारी 2025 मध्येच 100 गिगावॅटचा टप्पा ओलांडला. म्हणजे जे गाठायला अणुऊर्जेला 22 वर्षे हवी आहेत, ते सौरऊर्जेने साधारण 15 वर्षांत गाठून दाखवले.

समाजातील तरुणांनी या प्रश्नाकडे केवळ पर्यावरणाचा विषय म्हणून पाहू नये, असे आम्हाला वाटते. 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांकडे पाटबंधारे आणि वीज ही खातीही होती. वीज स्वस्त आणि मुबलक असेल तरच उद्योग वाढतील आणि शेतीवर लादलेली दरिद्री माणसे त्यातून बाहेर पडतील, ही त्यांची भूमिका होती. म्हणून वीज कितीला पडते आणि कोणाला पडते, हा आपला प्रश्न आहे.

आकडे काय सांगतात?

2010 च्या अखेरीस राष्ट्रीय सौर मिशनच्या पहिल्या लिलावात सर्वात कमी दर होता युनिटला 10.95 रुपये. मे 2017 मध्ये राजस्थानातील भाडला येथे तो 2.44 रुपयांवर आला. डिसेंबर 2020 मध्ये गुजरातच्या लिलावात 1.99 रुपयांची बोली लागली. त्यानंतर दर थोडे चढले, तरी अडीच रुपयांच्या आसपास राहिले.

अणुवीजेची वाटचाल उलट्या दिशेने झाली. कुडनकुलमच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांचा मंजूर खर्च 13,171 कोटी होता, तो 22,462 कोटींवर गेला. काम 2002 मध्ये सुरू झाले आणि दुसरी भट्टी व्यापारी तत्त्वावर चालू व्हायला 2017 उजाडले. फ्रान्समधील फ्लामांव्हिल येथे 2007 मध्ये 3.3 अब्ज युरोंच्या अंदाजाने काम सुरू झाले. पाच वर्षांत पूर्ण होणारी ही भट्टी डिसेंबर 2024 मध्ये ग्रीडला जोडली गेली आणि बांधकामाचा खर्च 13 अब्ज युरोंच्या पुढे गेला. याच ईपीआर जातीच्या सहा भट्ट्या, एकूण 9,900 मेगावॅटच्या, रत्नागिरीतील जैतापूरला उभारण्याचा बेत आहे.

ब्रिटनने हिंकली पॉइंटच्या ईपीआर विजेसाठी 2012 च्या किमतीनुसार मेगावॅट-तासाला 92.50 पौंड कबूल केले. पौंडाला 100 रुपये धरले तरी ते युनिटला सव्वानऊ रुपये होतात. जैतापूरची वीज इतकीच महाग पडेल असे नाही, पण ती स्वस्त पडेल असे म्हणणाऱ्यांनी हिशेब मांडला पाहिजे.

दुसरी बाजूही पाहू

सूर्य रात्री मावळतो, अणुभट्टी रात्रंदिवस चालते. भट्टी आपल्या क्षमतेच्या 80 टक्के वीज देते, तर सौर प्रकल्प 20 ते 25 टक्के. म्हणून 9,900 मेगावॅट अणुवीजेच्या बरोबरीला सुमारे 36,000 मेगावॅट सौर क्षमता लागेल. तारापूरसारख्या जुन्या, भांडवल फिटलेल्या केंद्रांची वीज आजही स्वस्त आहे, हेही खरे. मात्र रात्रीचा प्रश्न आता पूर्वीसारखा अवघड राहिलेला नाही. 2024 मधील काही लिलावांत बॅटरीसह सौरवीज साडेतीन रुपयांच्या आसपास मिळाली. काही तासांची साठवण एवढ्यात होते, पावसाळ्यातील ढगाळ आठवड्यांसाठी मात्र पवन, जलविद्युत आणि मजबूत ग्रीड यांची जोड लागेल. तो खर्चही दरात धरायला हवा.

दरपत्रकात नसलेला खर्च

फुकुशिमाच्या दुर्घटनेचा खर्च जपान सरकारने 2016 मध्ये साडेएकवीस लाख कोटी येन धरला होता. आपल्या 2010 च्या कायद्याने चालकाचे दायित्व 1,500 कोटी रुपयांवर थांबवले होते, पण सदोष यंत्रे पुरवणाऱ्या कंपनीकडून वसुलीची तरतूद त्यात होती. भोपाळच्या अनुभवातून ती आली होती. नव्या कायद्यात पुरवठादाराला त्यातून मोकळे केले आहे. म्हणजे नफा कंपनीचा आणि धोका जनतेचा. ही सवलतच आहे, फक्त ती विजेच्या बिलात दिसत नाही.

पण सौरवीज आपोआप न्याय्य ठरते, असेही नाही. जैतापूरसाठी सुमारे 938 हेक्टर जमीन घेतली गेली. विरोध झाला आणि एप्रिल 2011 मध्ये पोलिसांच्या गोळीबारात एका आंदोलकाचा जीव गेला. सौर प्रकल्पाला मेगावॅटमागे साधारण चार-पाच एकर लागतात. 36,000 मेगावॅटसाठी दीड लाख एकर लागेल. ही जमीन कोणाची?

महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेसाठी सरकारी जमिनी नाममात्र भाड्याने दिल्या जातात, त्यात गायरानेही येतात. यातली अनेक गायराने भूमिहीन दलित कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या कसत आली आहेत. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालील भूमिहीनांच्या सत्याग्रहात लोक याच हक्कासाठी तुरुंगात गेले. 1991 च्या शासन निर्णयाने 14 एप्रिल 1990 पर्यंतची दलित-आदिवासींची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले, तरी सातबारावर नाव लागलेले नाही अशी कुटुंबे गावोगावी आहेत. त्यांच्या शेतावर पॅनेल बसले, तर कागदावर ती जमीन रिकामीच होती असे दाखवले जाईल.

छतावरील सौरऊर्जेचेही तसेच. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे, पण ते स्वतःचे पक्के छत असणाऱ्याला. पत्र्याच्या घरात भाड्याने राहणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

आपली मागणी काय असावी?

अणुवीज महाग, संथ आणि दायित्वातून पळ काढणारी आहे, म्हणून जैतापूरपेक्षा सौर-पवन आणि साठवण यांवर पैसा खर्च व्हावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र त्या पाठिंब्याला अटी हव्यात. गायरानावर सौर प्रकल्प मंजूर करण्याआधी तिथल्या कसणाऱ्यांचे दावे निकाली काढा. जमीन दिलीच तर भाडे आणि रोजगार त्या कुटुंबांना मिळू द्या. वस्त्यांमधील समाजमंदिरे, विहारे आणि शाळांच्या छतांवर सामूहिक सौर संच बसवून विजेचा वाटा भाडेकरूंनाही द्या.

कार्यकर्त्यांनी पुढच्या ग्रामसभेत दोन कागद मागावेत : गावातील गायरानाची नोंद आणि त्यावर मंजूर झालेल्या सौर प्रकल्पाचा ठराव. ठराव होण्याआधी गेलात तर हरकत नोंदवता येईल. खांब रोवल्यावर गेलात तर फक्त मोर्चा उरेल.