टोमॅटोच्या पेशीतल्या पहारेकऱ्याला नवा विषाणू का ओळखता येत नाही?

टोमॅटोवरच्या ‘ब्राऊन रुगोज’ विषाणूने अनेक देशांतल्या ग्रीनहाऊसवाल्यांची झोप उडवली आहे. फळांवर तपकिरी डाग आणि सुरकुत्या. असा माल घेणार कोण? खाणाऱ्याला या विषाणूचा धोका नाही, पिकवणाऱ्याच्या खिशाला मात्र आहे.

२०१४ मध्ये इस्राएलमध्ये तो दिसला, तोही रोगप्रतिकारक म्हणून लावलेल्या टोमॅटोवर. या वाणांत रानटी टोमॅटोकडून आलेलं ‘टीएम-२²’ हे जनुक असतं. त्याचं काम भारी आहे. विषाणूला एका पेशीतून शेजारच्या पेशीत जायचं, तर मधल्या सूक्ष्म वाटा रुंद कराव्या लागतात आणि त्यासाठी तो स्वतःचं एक प्रथिन वापरतो. टीएम-२² चा पहारेकरी नेमकं तेच प्रथिन ओळखतो. मग लागण झालेली पेशी स्वतःच मरते. पेशी गेली, झाड वाचलं! जुन्या मोझॅक विषाणूंना यानेच कित्येक दशकं रोखलं. ब्राऊन रुगोजमध्ये मात्र या प्रथिनात बदल झालेत. काम तेच, चेहरा वेगळा.

बियाण्याच्या पाकिटावरचा ‘प्रतिकारक’ हा शब्द ठरावीक विषाणूंपुरताच असतो, हे अनेकदा लक्षात येत नाही.

जपानी संशोधकांनी पहारेकरी बदलला नाही, विषाणूची रसदच तोडली. स्वतःच्या प्रती काढायला त्याला झाडाची ‘टॉम१’ कुळातली प्रथिनं लागतात. टोमॅटोतली अशी चार जनुकं त्यांनी जनुक संपादनाने बंद केली. विषाणू वाढला नाही. झाडं आणि फळं नीट वाढली. हे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले.

शेतात हा विषाणू हात, कपडे, कात्री आणि बियाण्यातूनही पसरतो.