ती शांतता कुणाच्या खर्चाने?

अलीकडे एक नवाच सूर कानावर येऊ लागला आहे. वास्तुशांत असो, हळदीकुंकू असो की मंडळाची बैठक, जेवणे आटोपून पानसुपारी फिरू लागली की कुणीतरी म्हणतोच, "काही म्हणा, लॉकडाऊनचे ते दिवस बरे होते हो!" लगेच चारजण माना डोलावतात. सगळे घरात होते, दूरदर्शनवर पुन्हा लागलेले रामायण एकत्र बसून पाहिले, गच्चीवर पत्ते रंगले, हवा स्वच्छ होती, सकाळी पाखरांचे आवाज ऐकू येत होते. आणि शांतता! काय ती शांतता! २०२० ला पाच वर्षे उलटून गेली तसे हे उसासे कमी व्हायचे सोडून वाढतच चालले आहेत.

आमचा या सुराला स्पष्ट आक्षेप आहे. आठवणी ज्याच्या त्याच्या, त्यावर कर नाही. पण हे बोलणारे कोण आहेत ते जरा निरखून पाहा. पगारदार, पेन्शनर, चार खोल्यांचे स्वतःचे घर असलेले, पिढ्यान्पिढ्या बेळगावात मुरलेले आपण लोक. आम्ही बँकेत नोकरी करतो. त्या वर्षात आमचा पगार एका महिन्याचाही चुकला नाही, तुमची पेन्शनही चुकली नसेल. ज्याचे पैसे वेळेवर खात्यात पडतात त्याला शांतता गोड लागणारच.

पण ती शांतता आली कुठून? शहापूर, वडगाव, खासबाग या भागातले माग थांबले होते, तिथून आली. एरवी ज्या गल्ल्यांमधून दिवसरात्र मागांचा खडखडाट चालतो, जिथे शेजारच्याशी ओरडूनच बोलावे लागते, तिथे सुताची गाडी येईना आणि तयार साडी उचलायला व्यापारी येईना. विणकर बसून, कांडी भरणारी बाई बसून. आपल्या टिळकवाडीत पाखरे ऐकू आली ती या बंद मागांमुळे. मे २०२० मध्ये कर्नाटक सरकारने १,६१० कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्यात हातमाग विणकराला एकदाच दोन हजार रुपये आणि रिक्षा-टॅक्सीवाल्याला एकदाच पाच हजार. रिक्षावाल्याने त्यासाठी सेवासिंधूवर ऑनलाइन अर्ज करायचा होता, तोही सायबर कॅफे बंद असताना! कागदपत्रे घेऊन ही माणसे बँकेच्या दारात यायची आणि आम्हालाच विचारायची. आम्ही काय सांगणार? आमच्या हातात पासबुक छापून देण्यापलीकडे काही नव्हते.

काउंटरवरून जे दिसले ते आता सांगायलाच हवे, कारण पानसुपारीच्या गप्पांत ते येत नाही. महिलांच्या जनधन खात्यांवर एप्रिल, मे, जून २०२० असे तीन महिने दरमहा पाचशे रुपये जमा झाले. गर्दी होऊ नये म्हणून पहिल्या हप्त्याला खातेक्रमांकाच्या शेवटच्या आकड्यावरून दिवस वाटून दिले होते. ० आणि १ वाल्यांनी ३ एप्रिलला यायचे, २ आणि ३ वाल्यांनी ४ ला, अशा रीतीने ९ एप्रिलपर्यंत. कागदावर योजना छानच होती. पण आपल्या खात्याचा शेवटचा आकडा काय हे ठाऊक असायला पासबुक वाचता यावे लागते. बस बंद, टमटम बंद. खेड्यातून चालत आलेल्या बायका दाराबाहेर चुन्याने आखलेल्या गोलात उभ्या राहायच्या आणि काचेपलीकडून विचारायच्या, "साहेब, माझा आकडा कितीचा वो? बघून सांगा की." आकडा ७ निघाला आणि तारीख ४ असली की तिला परत पाठवायचे, आणि चार दिवसांनी ती पुन्हा चालत यायची. पाचशे रुपयांसाठी! या बाईला कुणी विचारले आहे काय, ते दिवस बरे होते का म्हणून?

बरे, मध्यमवर्गाला तरी ते दिवस खरोखर बरे गेले काय? इथे आमच्यातला कॉमर्सवाला गप्प बसत नाही. २७ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या हप्त्यांना तीन महिन्यांची सवलत देण्याची मुभा बँकांना दिली आणि पुढे ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. मोबाइलवर आनंदीआनंद! 'सहा महिने हप्ता नाही!' हप्ता नव्हता हे खरे, पण व्याज चालूच होते, आणि हे सांगणारा माणूस त्या काळात सगळ्यांना अपशकुनी वाटे. हिशेब साधा आहे. घराचे वीस लाख कर्ज शिल्लक, व्याज आठ टक्के, पंधरा वर्षांचे १८० हप्ते बाकी, हप्ता १९,११३ रुपये. सहा महिने काहीच भरले नाही तर सुमारे ८१ हजार रुपये मुदलात मिळतात. हप्ता तेवढाच ठेवला तर १८० चे जवळजवळ १९५ हप्ते होतात. सहा चुकवले आणि पंधरा वाढले! ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राने दोन कोटींपर्यंतच्या कर्जदारांना या सहा महिन्यांतला चक्रवाढ आणि सरळ व्याजातला फरक परत दिला. आमच्या वीस लाखवाल्याच्या वाट्याला त्यातून आले साधारण तेराशे रुपये. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही पूर्ण व्याजमाफी शक्य नसल्याचे सांगितले. म्हणजे गच्चीवर पत्ते खेळलेल्या त्या सुट्टीचे पैसे आपल्यातले कित्येकजण अजून फेडत आहेत. उसासा टाकताना एवढे ध्यानात असावे.

आता नाक्याविषयी. यावर आपल्या बैठकांत फारसे कुणी बोलत नाही, आणि आमचा खरा राग तिथेच आहे.

१९५६ साली आखलेली रेघ आपण सीमाबांधवांनी कधी मनाने मानली नाही. पण लॉकडाऊनपूर्वी रोजच्या जगण्यात ती फारशी टोचतही नव्हती हे मान्य करायला हवे. शिनोळीच्या कारखान्यात बेळगावची पोरे कामाला जातात, चंदगडचा पेशंट बेळगावच्या दवाखान्यात येतो, निपाणीचा माणूस बाजाराला कोल्हापूर जवळ करतो. लेकी इकडच्या तिकडे दिलेल्या. रेघ कागदावर होती, मोर्चाच्या घोषणेत होती, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयातल्या दाव्यात होती. २०२० मध्ये ती पहिल्यांदा रस्त्यावर आली, लोखंडी बॅरिकेड होऊन. १८ मे २०२० रोजी कर्नाटकाने महाराष्ट्रासह चार राज्यांतून येणाऱ्यांना मेअखेरपर्यंत प्रवेशबंदी जाहीर केली. त्यानंतर महाराष्ट्रातून येईल त्याला सात दिवस संस्थात्मक विलगीकरण. २०२१ मध्ये आरटीपीसीआरचा दाखला, तोही ७२ तासांच्या आतला. पंधरा किलोमीटरवर कामाला जाणाऱ्याने दर तीन दिवसांनी नाकात काडी घालून घ्यायची काय?

मालाची गोष्ट मात्र वेगळी. मालवाहतूक अडवू नये असा केंद्राचा आदेश होता, आणि तो योग्यच होता. बेळगावची भाजी गोव्याला जायला लागली, सिमेंट आले, साखर गेली. कोबीला राज्याची हद्द नव्हती, ती माणसाला होती.

आमच्या एका आतेबहिणीचे सासर नाक्यापलीकडे आहे, वीस किलोमीटरच्या आतच. त्या मे महिन्यात तिचे वडील इथे वारले, कोरोनाने नव्हे, हृदयविकाराने. अंत्यविधीला तेव्हा वीस माणसांची मर्यादा होती. घरची अकराच जमली होती. बारावी नाक्यावर उभी होती, दोन तास, आधारकार्ड हातात घेऊन. पास ऑनलाइन काढा म्हणाले. तो मंजूर होईस्तोवर इकडे सगळे आटोपले होते. तिने अजून कुणाला दोष दिलेला नाही, आणि त्याचीच आम्हाला जास्त चीड येते. रोग पसरू नये म्हणून निर्बंध हवेच होते. आम्ही मास्क लावून काउंटरवर बसलो आहोत, आमचे दोन सहकारी त्या काळात गेले आहेत, निर्बंधांची थट्टा आम्ही करणार नाही. पण विषाणू सातबारा बघून पसरत नव्हता. एकाच बाजारहाटाची, एकाच दवाखान्याची, एकाच सोयरिकीची गावे १९५६ च्या रेघेवर कापण्यात रोगाचा कुठला विचार होता, हे आम्हाला आजवर कुणी समजावून सांगितलेले नाही.

आणि निर्बंध सगळ्यांना सारखे होते म्हणावे, तर तेही नाही. २०२० आणि २०२१ अशी दोन्ही वर्षे बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक निघाली नाही. आपण ऐकले, घरात पूजा केली. पण १७ जानेवारी २०२१ रोजी, म्हणजे नेमक्या आपल्या हुतात्मा दिनी, शहरात केंद्रीय गृहमंत्र्यांची प्रचंड सभा झाली. दुसरी लाट चढत असताना १७ एप्रिलला लोकसभेची पोटनिवडणूक झाली. ती जागा रिकामी कशाने झाली होती? सुरेश अंगडी सप्टेंबर २०२० मध्ये कोरोनाने गेले म्हणून! कोरोनाने रिकाम्या केलेल्या जागेसाठी कोरोनातच सभा. सर्व पक्षांच्या झाल्या, आपल्या बाजूच्या सभांनाही गर्दी होती, ते लपवायचे कारण नाही. मतदान आटोपले आणि दहा दिवसांत, २७ एप्रिलपासून, राज्यभर पुन्हा सगळे बंद. तोपर्यंत विषाणू बहुधा मतदारयादीत नाव शोधत थांबला होता.

मग त्या काळातले काहीच हवेहवेसे नाही काय? आहे, पण पानसुपारीवाल्यांच्या यादीत ते नाही.

पन्नास माणसांतली लग्ने हवीशी आहेत. घरासमोर मांडव, एक भटजी, घरच्या बायकांनी केलेला स्वयंपाक, आणि दुपारी चारला सगळे मोकळे. कुणाचे नाक कापले गेले नाही, कुणाची सोयरीक मोडली नाही. आता काय चालले आहे? पुन्हा मंगल कार्यालय, पुन्हा दीड हजार पाने, हळदीला वेगळा फोटोग्राफर आणि लग्नाला वेगळा. त्यासाठी आमच्याकडे वैयक्तिक कर्ज मागायला येतात. पाच लाख, अकरा टक्के, पाच वर्षे, हप्ता १०,८७१ रुपये आणि एकूण व्याज दीड लाखावर. पोरगी सासरी जाऊन तिचे मूल बालवाडीत जाते तरी बापाचा हप्ता चालू! बंदी उठली म्हणून दीड हजार पाने वाढलीच पाहिजेत असा कुठल्या सरकारचा आदेश होता? पन्नासवर राहायला आपल्याला कोण अडवत होते? तेव्हा 'नाइलाज' म्हणून जे जमले ते मर्जीने का जमू नये, याचे उत्तर मराठा, ब्राह्मण, दैवज्ञ, कुणीच देत नाही. सगळेजण शेजारच्या कार्यालयाकडे बोट दाखवतात.

दुसरी हवीशी गोष्ट म्हणजे गल्लीची वही. आमच्या गल्लीच्या मंडळाच्या पोरांनी २०२० मध्ये एक साधी दोनशे पानी वही केली होती. कुठल्या घरात म्हातारी माणसे एकटी आहेत, कुणाची मुले पुण्याला, कुणाची परदेशात, कुणाला इन्सुलिन लागते, कुणाकडे रेशनकार्ड नाही, भाड्याने राहणारा परप्रांतीय गवंडी कुठल्या खोलीत आहे, सगळे त्यात होते. गणपतीची शिल्लक वर्गणी तांदूळ-डाळीत गेली. ज्यांना एरवी आपण टवाळ म्हणतो ती पोरे औषधाची चिठ्ठी घेऊन सायकलवरून फिरत होती. परवा आम्ही त्यांना विचारले, वही कुठे आहे? कुणालाच ठाऊक नाही. त्यातली एकटी म्हातारी माणसे मात्र अजून तिथेच आहेत, फक्त पाच वर्षांनी जास्त म्हातारी. गेल्या गणपतीत मंडळाचा सगळा पैसा ध्वनियंत्रणेवर गेला.

म्हणून आमची सूचना अशी की मंडळाने येत्या वार्षिक सभेत आठवणींचा कार्यक्रम ठेवू नये, ठराव करावा आणि त्याचे निवेदन दोन्ही राज्यांच्या सरकारांना द्यावे. पुन्हा कधी साथ, पूर वा अन्य कारणाने हद्द बंद करायची वेळ आलीच, तर सीमेलगतच्या तालुक्यांतील रहिवाशांना मतदार ओळखपत्रावर ये-जा करू द्यावी. पेशंट, बाळंतीण, रोजचा कामगार आणि घरात मृत्यू झालेली व्यक्ती यांना पासाची अट नसावी. नाक्यावरचे फलक आणि आदेश कन्नडबरोबर मराठीतूनही असावेत. दाव्याचा निकाल लागायचा तेव्हा लागो, या तीन गोष्टींना त्याची वाट पाहायचे कारण नाही. आणि मंडळाने ती वही पुन्हा करावी, या वेळी दोन प्रतींत.

ठरावाला सूचक म्हणून आमचे नाव घालण्यास हरकत नाही. अनुमोदक मात्र नाक्यापलीकडे लेक दिलेला कुणीतरी असावा.