परदेशातले कॉलेज आणि उसाचे बिल

सभासद बंधू-भगिनींनो,

ऊस विकास विभागाचा माणूस लागण, खोडवा आणि हुमणी सोडून शिक्षणावर का लिहितोय, असे आपणास वाटेल. पण अलीकडे गट ऑफिसात बेण्याबरोबर परदेशातल्या कॉलेजचीही चौकशी होते. गेल्या हंगामात एक सभासद आले. म्हणाले, "साहेब, पोराला इंग्लंडात अ‍ॅडमिशन मिळालीय. पहिल्या फीसाठी एक एकर काढायचं म्हणतोय." मी विचारले, "आण्णा, त्याच्या पुढच्या फीचं आणि खाण्याराहण्याचं काय?" आण्णा गप्प झाले.

माझे म्हणणे एवढेच आहे. मुलामुलींना जरूर पाठवा, पण शेवटच्या महिन्यापर्यंतचा पैसा कागदावर दिसल्याशिवाय पहिली फी भरू नका. विहिरीला उन्हाळ्यात पाणी किती राहते ते बघूनच आपण आडसाली लावतो. इथेही तसेच.

पैसा मध्येच तुटला की काय होते, याचे उदाहरण आपल्या सातारच्या शाळेतच शिकलेले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत गेले. दरमहा साडेअकरा पौंड, तेही मुदतीचे. पुढे ते लंडनला गेले, पण मुदत संपली आणि १९१७ साली शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. मुंबईत प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली, मित्राकडून उसने घेतले, तेव्हा १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. एवढ्या बुद्धीच्या माणसालाही पैशाने तीन वर्षे थांबवले!

आज याच दोन राजांच्या नावाने सरकारी परदेश शिष्यवृत्त्या आहेत. अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आणि मराठा समाजासाठी 'सारथी'ची महाराजा सयाजीराव गायकवाड शिष्यवृत्ती. जागा थोड्या, अटी पुष्कळ. म्हणून अर्ज वेळेत करावा. कॉलेज निवडण्याआधी ते शिष्यवृत्तीच्या अटीत बसते का, हे बघावे.

आता कर्जाचे. २००२ च्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळली आहे. थकबाकी झाली तर त्या कायद्याने बँकेला ती ताब्यात घेता येत नाही. म्हणून जमीन कितीही बागायत असली तरी बँका बहुधा बिगरशेती प्लॉट, घर नाहीतर ठेव तारण मागतात. हे आयत्या वेळी कळते आणि माणूस रान विकायला निघतो. उसाचे बिल ऊस तुटल्यावर येते, त्यातून सोसायटीची वसुली आधी होते. विद्यापीठ मात्र आपली तोडणी कधी आहे ते विचारत नाही. तेव्हा बँकेत वर्षभर आधी जा.

देश निवडताना नुसती फी बघू नका. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, हे खरे. पण व्हिसासाठी एका वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी खात्यात अडकवून दाखवावे लागतात (सप्टेंबर २०२४ पासूनचा आकडा). ब्रिटनचा मास्टर्स कोर्स बहुधा एक वर्षाचा, अमेरिकेचा दीड-दोन वर्षांचा. मग एकूण खर्च कुठे कमी, ते मांडून बघा.

एजंटाचा सल्ला फुकट असतो, कारण पुष्कळदा कमिशन त्याला विद्यापीठ देते. बेणे घेताना आपण मालकाचे ऐकत नाही, प्लॉट बघतो. तसे तिथे शिकणाऱ्या आपल्याकडच्या दोन मुलांशी बोला.

काही जण म्हणतात, "रान पोरांसाठीच तर आहे." कबूल. पण तिकडे नोकरी मिळेलच अशी हमी कोणी देत नाही, आणि व्हिसाचे नियम सरकारे बदलतात. म्हणून कर्जाचा हप्ता पुण्यातल्या पगारातून फिटेल का, असाही एक हिशेब करावा. फिटत असेल तर बिनघोर पाठवा. नसेल तर स्वस्त कॉलेज बघा, किंवा पोराला दोन वर्षे इथे नोकरी करून पैसे साठवू द्या. एकदा विकलेले रान परत येत नाही; अ‍ॅडमिशन पुढच्या वर्षीही मिळते.

कळावे,
आपला,
ऊस विकास अधिकारी