लेकरांचा पहिला मुक्काम

भात काढून झाले, खळी उरकली की अकोले तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात दुसरा हंगाम सुरू होतो. शेंडी, मुरशेत, रतनवाडी, घाटघर या बाजूला शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या, नाशिकच्या गाड्या येतात. भंडारदऱ्याच्या काठाला तंबू लागतात, शेकोट्या पेटतात, पिठलं-भाकरी आणि गावठी कोंबडीचे जेवण होते. 1926 साली पूर्ण झालेल्या या धरणाने खालच्या भागाला ऊस दिला. वरच्या गावांच्या वाट्याला मात्र बुडीत आले. त्याच पाण्याच्या काठी आज इथल्या भातवाल्या आदिवासी शेतकऱ्याला चार पैसे मिळत असतील, तर ही आनंदाचीच गोष्ट आहे.

पण आता येणारा पाहुणा बदलला आहे. पूर्वी गडकिल्ले चढणारी तरुण पोरे यायची. कुठेही पथारी टाकायची आणि सकाळी निघून जायची. आता नवरा-बायको तीन-चार वर्षांचे लेकरू घेऊन येतात. त्या लेकराची घराबाहेरच्या उघड्या रानातली ती पहिलीच रात्र असते. अशा कुटुंबाने जागा कशी निवडावी आणि आपण त्यांना कोणती जागा द्यावी, हे एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत. आमचे म्हणणे एवढेच, की जागा देखाव्यावरून ठरवू नका, धाकट्या पोराच्या पायांवरून ठरवा. तंबूतून बाहेर पडलेले पोर शंभर पावले धावले तर कुठे पोचेल? या एका प्रश्नात निम्मे उत्तर आहे.

"साहेब, जागा झकास आहे, पाणी अगदी दारात," असे आपण मोठ्या कौतुकाने सांगतो. लहान मूल बरोबर असेल तर हाच त्या जागेचा सर्वात मोठा दोष आहे. जलाशयाचा काठ पायऱ्यांसारखा नसतो. पाणी उतरले की गाळ उघडा पडतो आणि पाऊल रुतते. दोन पावले पुढे खोली किती, ते गावच्या माणसालाही सांगता येत नाही. ओढ्याकाठ तर त्याहून वाईट. 30 जून 2024 रोजी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण पाहता पाहता वाहून गेले. त्यांत लहान मुलेही होती. पाणी लांबून दिसावे, पण पोराला एकट्याने तिथवर जाता येऊ नये, अशी जागा चांगली.

अशी जागा आपल्याकडे आहे. काठापासून वर, घराजवळचे भात कापलेले खाचर. सपाट असते, चारी बाजूंनी बांध असतो आणि हाक मारली तर घरातले माणूस ओ देते. मात्र तंबू ठोकण्याआधी धस काढा, उंदरांची बिळे बुजवा. पेंढ्याची उडवी, लाकडांचा ढीग आणि खळे यांच्याजवळ तंबू नको. दाण्यामागे उंदीर येतो आणि उंदरामागे साप. मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर निजलेल्या माणसाला चावतो. चावा फारसा दुखतही नाही, म्हणून तो फार घातकी. तेव्हा चिमुकल्यांसाठी खाट द्या, तंबूची चेन कायम लावलेली ठेवा, बाहेर काढलेले बूट सकाळी झटकून घालायला सांगा. चावा झालाच तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, थेट ग्रामीण रुग्णालय गाठा. म्हणूनच गाडी तंबूपर्यंत येते का आणि 108 ला फोन लावायला रेंज कुठे मिळते, हे पाहुण्याने आधी विचारावे आणि आपण खरे सांगावे.

थंडीत आणखी एक चूक होते. पोराला गारठा लागतो म्हणून निखाऱ्यांची शेगडी तंबूत ठेवतात. हे कधीही करू देऊ नका. बंद जागेत कोळशाचा विषारी वायू साचतो. त्याला वास नसतो, झोपलेला माणूस उठतच नाही. जादा गोधडी द्या, शेकोटी बाहेर ठेवा आणि तिच्याभोवती दगड रचा.

बाकी गोष्टी साध्या आहेत, पण त्यांच्यावरच पाहुणा पुन्हा येतो की नाही ते ठरते. संडास तंबूपासून तीस-चाळीस पावलांवर, वाटेवर दिवा, आत पाणी. शोषखड्डा विहिरीपासून लांब. पोरांचे जेवण सातला, कमी तिखट. त्यांना रात्री दहापर्यंत ताटकळत ठेवू नये. पिणाऱ्यांची टोळी आणि लेकुरवाळे कुटुंब एका खाचरात ठेवू नका. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला कायद्यानेच बंदी आहे.

काजव्यांच्या दिवसांबद्दलही बोलले पाहिजे. मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत हिरडा, बेहडा, जांभळीची झाडे उजळतात आणि गर्दी लोटते. देखावा अपूर्व, यात वाद नाही. पण तेच दिवस वळिवाचे, वाऱ्याचे आणि विजांचे. काजवे पाहून पक्क्या घरात निजावे. लहान मुलांची तंबूतली पहिली रात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारीत व्हावी. तंबू एकट्या उंच झाडाखाली कधीच नको. कडा जवळ असेल तर आग्या मोहोळ कुठे आहे ते पाहूनच शेकोटी पेटवावी.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि पोलीस पाटील यांनी हे काम शेतकऱ्यावर ढकलून मोकळे होऊ नये. काठची जमीन पुष्कळ ठिकाणी जलसंपदा विभागाची, तर बराच भाग 1986 साली जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. तिथे परवानगीशिवाय तंबू नको. गावात तंबू किती, कोणाचे, हे वहीत असावे. पाण्यात टीसीएल पावडर नियमाने पडते का ते पाहावे. धोक्याच्या काठावर पाटी, दोर आणि शनिवार-रविवारी गावचा एक पोहणारा गडी ठेवावा. राज्याचे कृषी पर्यटन धोरण 2020 साली आले. त्याखाली नोंदणी कशी करायची ते ग्रामसभेत समजावून सांगावे.

हे सारे खर्चाचे आहे, अशी कुरकुर होईल. पण एका काठावर एक पोर गेले, तर दुसऱ्या दिवशी सगळ्या काठावरचे तंबू उठतात. ज्याने नीट काळजी घेतली त्याचेही. आणि पैशाचे सोडा. आपल्या बांधावर निजलेले लेकरू सकाळी हसत उठले पाहिजे, एवढे तरी पाहुण्याचे देणे आपण लागतो.