आधी ‘केव्हा’ विचारा, मग ‘कोणी’

रमजानला दहा-बारा दिवस होते. शेजारच्या भाभी संध्याकाळी मुलीला घेऊन आल्या. ‘टीचर, हिला तुम्हीच सांगा. काही तरी करून ठेवलंय कॉम्प्युटरला. सारखा बंद पडतो.’ मुलगी बारावी कॉमर्सला. गावातल्या लोकांचे अर्ज टाइप करून ती स्वतःच्या क्लासची फी काढते. ती हळूच म्हणाली, ‘मी हातही लावला नव्हता. असरच्या नमाजला उठले, तेवढ्यात बंद झाला.’

दुकानदाराने मदरबोर्ड गेला असे सांगून सहा हजारांचा खर्च काढला होता. ते पैसे ईदच्या कपड्यांसाठी जमवलेल्या डब्यातून जाणार होते. मी म्हटले, ‘भाभी, आठ दिवस थांबा. आणि तोवर हिला बोलू नका.’

आमच्या धसईचे नाव १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यातील पहिले कॅशलेस गाव म्हणून सगळीकडे झाले. यंत्रे गावात आली, घरात आली. पण यंत्र बिघडले की आपण अजूनही आधी माणसाला धरतो, आणि घरात सर्वांत लहान असेल त्याला.

मी मुलीला एक वही दिली. कॉम्प्युटर बंद पडला की चार गोष्टी लिहायच्या: वेळ, तेव्हा काय काम चालू होते, घरातला पंखा चालू होता का, आणि कॅबिनेटवरचा दिवा विझला की लुकलुकत राहिला.

आठ दिवसांत वहीत अकरा नोंदी झाल्या. टाइप करताना तो एकदाही बंद पडला नव्हता. नमाजची वेळ, जेवणाची वेळ, पाहुणे आले ती वेळ! कोणी हात लावत नव्हते, तेव्हाच तो बंद पडत होता. अर्धे उत्तर तिथेच मिळाले. धुळीने किंवा गरम होऊन बंद पडणारा कॉम्प्युटर सहसा कामाच्या भरात बंद पडतो. हा तर आराम करताना पडत होता.

आता क्रमाने पाहू. तुमच्या घरी असे झाले तर हाच क्रम धरा.

पहिले, तो बंद पडतो की झोपतो? विंडोजमध्ये काही मिनिटे काम नसले की कॉम्प्युटर झोपेत जातो. पडदा काळा होतो, पण बहुधा दिवा लुकलुकतो आणि माउस हलवला किंवा बटण दाबले की काम होते तिथूनच सुरू होते. हा बिघाड नव्हे. सेटिंग्ज, सिस्टिम, पॉवर या वाटेने जाऊन ‘स्लीप’समोर ‘नेव्हर’ निवडा. आमच्या वहीत दिवा दर वेळी विझलेला होता. तरीही ‘नेव्हर’ करून पाहिले. फरक पडला नाही.

दुसरे, कॉम्प्युटरची स्वतःचीही वही असते. तिचे नाव इव्हेंट व्ह्यूअर. त्यात ‘विंडोज लॉग्ज’, मग ‘सिस्टिम’ उघडा आणि बंद पडल्याच्या वेळेची नोंद शोधा. १०७४ आकडा असेल तर कोणा माणसाने किंवा प्रोग्रामने, कधी अपडेटनेही, रीतसर बंद केला आहे. ४२ म्हणजे झोपेत गेला. कर्नल-पॉवर ४१ म्हणजे नीट बंद न होताच तो पुन्हा सुरू झाला. आमच्याकडे ओळीने ४१ होते. मुलीने रीतसर बंद केला असता तर १०७४ दिसले असते. मी भाभींना पडद्यासमोर बसवून हे दाखवले.

तिसरे, यूपीएस. बॅटरीवर चालताना भार फारच कमी दिसला की काही यूपीएस आपोआप बंद होतात. पण आमच्या नोंदींत पंखा दर वेळी चालू होता. यूपीएस काढून थेट भिंतीतून वीज दिली, तरी तेच.

मग उरला एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा. हा कॉम्प्युटर जोडून घेतलेला होता. प्रोसेसर इंटेलच्या चौथ्या पिढीचा, डबा त्याहून जुना. २०१३ साली आलेले हे प्रोसेसर रिकामे असताना फारच कमी वीज घेतात, १२ व्होल्टच्या तारेवर ०.०५ अँपिअरपर्यंत. जुन्या डब्यांना किमान ०.५ अँपिअरची मागणी गृहीत धरलेली असे. मागणी त्याखाली गेली की काही डबे बंद होतात. गॅस मोठा असला की वाऱ्यात टिकतो, सिमवर ठेवला की विझतो, तसेच.

कॉम्प्युटर सुरू होताना ‘डिलीट’ दाबून बायोस उघडले. सी-स्टेट्समधले सी ६ आणि सी ७ ‘डिसेबल्ड’ केले. म्हणजे प्रोसेसरने गाढ झोपेत जायचे नाही. वीज थोडी जास्त जाते, पण त्या दिवसापासून कॉम्प्युटर बंद पडला नाही. पुढे सवडीने नवा एसएमपीएस घ्यायचा. त्याला नव्या मदरबोर्डाइतका खर्च नाही.

एक ताकीद: एसएमपीएसचा डबा घरी कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज साठलेली असू शकते. कॅबिनेटमधली धूळ पुसायची तीही प्लग काढूनच.

ईदच्या दिवशी शीरखुर्म्याचा वाडगा घेऊन ती मुलगी आली. अंगावर नवे कपडे होते. मी विचारले, ‘अम्मी काय म्हणाली?’ ‘माफी नाही मागितली,’ ती हसली, ‘पण परवा मिक्सर बंद पडला, तर अम्मीनेच विचारलं, वही कुठंय?’