डबा आणि पुस्तिका

जुन्या बाजारांतून व्हिडिओ खेळ घेणारे आमचे विद्यार्थी त्यासोबतचा पुठ्ठ्याचा डबा व माहितीपुस्तिका यांस केर समजतात, हें आम्हांस मुळींच संमत नाहीं. निन्टेन्डोचा १९९० सालचा ‘स्टारट्रॉपिक्स’ हा खेळ घ्या. त्याच्या डब्यांत एक कागदी पत्र असे. खेळांत मध्येंच तें पाण्यांत भिजविण्यास सांगतात. भिजवितांच ७४७ हा आंकडा उमटतो, व तो दिल्यावांचून पाणबुडी पुढें जात नाहीं. ज्याच्या हातीं नुसती कॅसेट आली, त्यानें काय करावें? (पत्र कोरडें जपावें कीं खेळावें, हा संग्राहकाचा पेंच निराळाच!)

आतां असले आंकडे इंटरनेटवर मिळतात, असें कोणी म्हणेल. मिळतात खरे, परंतु ओल्या कागदावर आंकडा उगवतांना पाहण्याची मौज तेथें नाहीं, आणि ती खेळाचाच भाग होती. औरंगाबादेंतील मुलें १९९०च्या दशकांत ज्या नकली यंत्रांवर खेळलीं, त्यांच्या कॅसेटींसोबत पुस्तिका क्वचितच येई. उपेक्षेची संवय तेव्हांच जडली असावी.

पुस्तिकेस चिकटपट्टी लावूं नये, ती पिवळी पडून कागद बिघडविते. पावसाळ्यांत ओल व कसर यांपासून जपावें. आणि खेळ विकतांना डबा, पुस्तिका, पत्र सर्व एकत्रच द्यावें.