मोहरी ओळखता येते?

परवा शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत काम होतं. गेटवर थांबावं लागलं, म्हणून शेजारच्या रिकाम्या प्लॉटकडं बघत बसलो. पिवळा धोतरा नुसता माजला होता. पांढऱ्या शिरांची काटेरी पानं, पिवळीधमक फुलं. बरीच बोंडं वाळून टोकाला उकलली होती. एक बोंड कागदावर झटकलं तर बारीक काळे दाणे पडले. मनात आलं, अरे, ही तर मोहरी!

घरी येऊन दोन्ही दाणे शेजारी ठेवले. आईनं चष्मा लावून एका मिनिटात निकाल दिला. मोहरी गुळगुळीत, धोतऱ्याचं बी खरखरीत. दाबून फोडलं की मोहरी आतून पिवळी, धोतरा पांढरा. "आम्ही ताटात घेऊन निवडायचो रे," एवढंच म्हणाली. (नंतर दाणे कचऱ्यात टाकले, हात धुतले. बी विषारी आहे, चाखून बघू नका.)

ही गंमत नाही. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात धोतऱ्याचं तेल मिसळलेलं निघालं. लोकांचे पाय सुजले, धाप लागली, साठाच्या वर माणसं गेली.

तुम्ही म्हणाल, आपल्या कोल्हापुरात मोहरीचं तेल खातंय कोण? खरंय. फोडणीतल्या चिमूटभर मोहरीनं कुणी दगावणार नाही. पण प्रश्न सवयीचा आहे. त्याच फाउंड्रीत कास्टिंगला सुईएवढं भोक सापडलं तर माल रिजेक्ट होतो. आणि तिथंच काम करणारे आपण घरी पुडा फोडतो आणि न बघता डब्यात ओततो! पाकीटबंद माल तपासलेला असतो, मान्य. पण बाजारातल्या सुट्या मोहरीचं काय? शेतातून आलेल्या घरच्या मोहरीचं काय?

माझं मत विचाराल तर लोणच्याची डाळसुद्धा अख्खी मोहरी आणून, निवडून घरीच भरडावी. एकदा दाणा भरडला की खरखरीत साल बघणार कुठं?

शाळेत तण ओळखायला शिकवतात ते पानाफुलावरून. ताटात मात्र पान येत नाही, बी येतं. आणि धोतरा उपटायचाच तर बोंडं उकलायच्या आत, नाहीतर पुढच्या वर्षी आहेच.

असो. आज मोहरीचा डबा ताटात ओतून बघा. तुमच्या घरी कोण निवडतं अजून?